सौरभ धुरीची शर्यत आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब

भांडुपात वेगाने पुढे सरकणाऱ्या गोष्टी तशा कमीच. सकाळी दहाला व्हिलेज रोडवर रिक्षाच्या पुढे म्हातारी माणसं चालत निघून जातात. श्रमसाफल्य चाळीच्या पुनर्विकासाचं तर नावच काढू नये. अशा मुलुखात ताशी अडीचशे किलोमीटरने गाडी हाणणारा माणूस निपजला, ही गोष्ट भांडुपकरांना अजूनही पुरती पटलेली नाही. या माणसाचं नाव सौरभ जयवंत धुरी, वय अठ्ठावीस, मूळ गाव कणकवलीजवळचं.

त्याचे वडील जयवंत धुरी विक्रोळी डेपोत तेहतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. त्या तेहतीस वर्षांत त्यांनी काटा कधी चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही. जयवंतच्या गाडीत उभ्याने चहा प्यावा, एक थेंब सांडायचा नाही, असं श्रमसाफल्य चाळीतले त्याचे शेजारी कौतुकाने सांगत. पोरगा शर्यतीत उतरला तेव्हा जयवंतने एवढंच विचारलं, "गाडी जाता खयं?" गाडी गोल फिरून निघाली तिथेच परत येते, असं सौरभने सांगितलं. "मगे घाई कित्याक?" जयवंत म्हणाला. या प्रश्नाचं उत्तर मोटारशर्यतीच्या धंद्यात अजून कुणाला देता आलेलं नाही.

सुरुवात झाली ती मुलुंडच्या एका मॉलच्या गच्चीवर. सौरभला अकरावं लागलं म्हणून आई रत्नप्रभा त्याला तिथे घेऊन गेली. तिला वाटलं होतं, पाळण्यात बसवायचं. तिथे टायरांच्या भिंतींमधून गो-कार्ट फिरत होत्या. जमिनीपासून चार बोटं वर असलेल्या त्या गाड्या म्हणजे चाकं लावलेला पाटच. पाच फेऱ्यांचं तिकीट होतं. सौरभने पाच फेऱ्यांत दोन कॉलेजची पोरं, एक बँकेतला साहेब आणि एक नवरदेव मागे टाकला. नवरदेव बायकोसमोर मागे पडल्यामुळे चिडला आणि त्याने मॅनेजरकडे तक्रार केली. मॅनेजर हुशार होता. रिकामा ट्रॅक बघून गिऱ्हाईक वर चढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने रत्नप्रभाला सांगितलं, मंगळवार ते गुरुवार दुपारी याला पाठवा, फुकट. अशा रीतीने देशाच्या एका भावी विजेत्याची कारकीर्द दुकानाच्या दारात उभ्या केलेल्या बाहुल्यासारखी सुरू झाली. तीन वर्षं तो गिऱ्हाइकांना भुलवण्यासाठी गोल गोल फिरला आणि त्यात गाडी शिकला.

चौदाव्या वर्षी कोल्हापूरच्या ट्रॅकवर तो राष्ट्रीय कार्टिंगमध्ये दुसरा आला, पंधराव्या वर्षी पहिला. इथून सत्कार सुरू झाले. आपल्याकडे माणूस पुढे जायला लागला की त्याला आधी खुर्चीत बसवून शाल पांघरतात, म्हणजे तो जागचा हलत नाही. सौरभला मित्रमंडळांनी शाल दिली, क्रीडा मंडळांनी दिली, जयंती उत्सव समितीने दिली, गणेशोत्सव मंडळाने दोनदा दिली, कारण अध्यक्ष बदलले होते. रत्नप्रभाच्या कपाटात सव्वीस शाली जमल्या. नारळांची सोलकढी झाली, वड्या झाल्या, शेवटी शेजाऱ्यांनीही नारळ नको म्हणून हात जोडले. एका शर्यतीला टायरांचे दोन जोड लागतात. पण इतक्या वर्षांत एकाही मंडळाला टायर द्यावा असं सुचलं नाही. भाषणात मात्र प्रत्येक प्रमुख पाहुणा सांगायचा की तरुणांनी वाहतुकीचे नियम पाळावेत.

अठरावं सरल्यावर तो लायसन्स काढायला गेला आणि नापास झाला. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा होता. सौरभने तो इतका झरझर काढला की साहेबांचं चहाचं भांडं ओठापर्यंत पोचायच्या आत गाडी परत जागेवर. "काय बघितलंच नाही मी," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात ये आणि हळू काढ." त्या रात्री जयवंत पहिल्यांदा पोटभर हसला. मग महिनाभर रोज सकाळी बापाने लेकाला हळू गाडी चालवायला शिकवलं. ही विद्या पुढे त्याला फार उपयोगी पडली, पण ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

कार्टिंगनंतर एकाच माणसाने बसायच्या उघड्या गाड्या. त्या कोइमतूरला, चेन्नईला पळतात. सौरभ दोन वर्षं त्यांत पळाला. सोबतच्या पोरांत एकाच्या वडिलांचा सिमेंटचा कारखाना होता, एकाचा साखरेचा, एकाच्या घरी नुसत्याच जमिनी. सौरभच्या वडिलांच्या घरी पेन्शन होतं. तो देशात तिसरा आला. पुढची पायरी युरोपात होती आणि त्या पायरीला कठडा नव्हता. कारखानेवाली पोरं वर गेली, सौरभ घरी परत आला. कुठल्यातरी गॅरेजात गाड्या तपासायचं काम धरावं, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि नेमका त्याच वेळी त्याच्या आयुष्यात श्यामकांतशेठ आले.

श्यामकांतशेठ आधी चाळीच्या आयुष्यात आले होते. श्रमसाफल्य चाळीच्या पुनर्विकासाचं काम त्यांच्याकडे होतं. सात वर्षांपूर्वी त्यांनी चाळ पाडली, भूमिपूजन केलं, चाळीस कुटुंबांना जमेल तिथे भाड्याने पाठवलं आणि जोत्यापर्यंत बांधकाम केलं. त्यावर खांब उभे केले. खांबांतून लोखंडी सळ्या आभाळाकडे बघत राहिल्या आणि गंजल्या. धुऱ्यांच्या वाट्याला कांजूरमार्गला चौथ्या मजल्यावरची खोली आली. इमारतीला लिफ्ट नव्हती. रत्नप्रभाचे दोन्ही गुडघे तिथल्या पहिल्याच वर्षी गेले. त्यानंतर सहा वर्षांत ती चारदा खाली उतरली, त्यात तीनदा दवाखान्यात आणि एकदा दिराच्या दहाव्याला.

पन्नाशी उलटल्यावर शेठना डॉक्टरांनी छंद लावून घ्यायला सांगितला. लोक फिरायला जातात, हार्मोनियम शिकतात. शेठनी शर्यतीची गाडी घेतली. मोठ्या पल्ल्याच्या शर्यतींमध्ये अशा हौशी मालकांची सोय असते. शर्यत आठ तासांची, गाडी एक, चालवणारे तिघं, आळीपाळीने. तिघांत एक हौशी असला तरी चालतो, किंबहुना तोच असावा लागतो, कारण गाडी त्याची. बाकीचे दोघं पोटासाठी चालवणारे. शेठना दुसरा एक डच माणूस मिळाला आणि तिसरा भांडुपचाच हवा होता. आपल्याच प्रकल्पातल्या चाळीतला पोरगा आपल्या गाडीत, याच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी कुठली?

महिन्याभरात साईटवर होर्डिंग लागलं. सौरभ हेल्मेट काखेत धरून उभा, पाठीमागे गाडी, वर अक्षरं: वेग आमच्या रक्तात. होर्डिंग चांगलं चार मजले उंच होतं. श्रमसाफल्य सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या भूखंडावर चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेली ती एकमेव वस्तू.

सौरभला लाज वाटली नाही असं नाही. पण त्याला गाडीत बसायचं होतं. सहा वर्षांचा असताना ज्याला पोहता यायला लागलं त्याला विहिरीचा मालक कोण हे कळलं तरी तो उडी मारायची सोडत नाही. त्यात ही गाडी त्याला मानवली. आठ तास टायर जपायचे, पेट्रोल जपायचं, ब्रेक जपायचे, कुणाला धक्का लावायचा नाही, दर तासाला ठरल्या वेळी ठरल्या जागी थांबायचं. पहिल्या सरावानंतर त्याने घरी फोन केला आणि बापाला म्हणाला, "बाबा, ही बस आहे हो. फक्त जोरात जाते." जयवंतने तो फोन चार जणांना सांगितला.

पहिल्या वर्षी गाडी दोनदा पाचवी आली, एकदा सहावी. त्यावरून शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. चाळीस कुटुंबं दिव्यापासून बदलापूरपर्यंत पांगलेली, ती सगळी आली. सत्कार सौरभचा, अध्यक्ष श्यामकांतशेठ. शाल घालून झाली. मग मागच्या रांगेतून चाळीतलीच विमलाताई उभी राहिली. तिचं बोलणं सरळ असायचं.

"शेठ, पोराचं कौतुक झालं. स्लॅब कधी पडणार?"

माइक हातात असला की माणसाला चेव येतो. शेठ म्हणाले, "ताई, तुमचा पोरगा माझी गाडी ज्या दिवशी पहिल्या तिनात आणेल ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्याचा स्लॅब. शब्द आहे माझा." टाळ्या पडल्या. शेठनीही वाजवल्या.

दुसरीकडे कुठे असतं तर लोक हसून घरी गेले असते. पण श्रमसाफल्यचे सेक्रेटरी धम्मपाल साळवे होते. साळव्यांची हयात सरकारी कचेरीत गेली होती, आणि कागदावर नसलेली गोष्ट घडलीच नाही असं ते मानत. त्यांनी तिथल्या तिथे इतिवृत्ताची वही उघडली आणि ठराव लिहिला. ठराव क्रमांक एक्केचाळीस: विकासकांनी दिलेल्या आश्वासनास अनुसरून, सभासदपुत्र श्री. सौरभ जयवंत धुरी यांनी आगामी शर्यतीत पहिल्या तीन क्रमांकांत यावे असे ही सभा सर्वानुमते ठरवते. सूचक विमलाताई. अनुमोदक अख्खा हॉल. 'सर्वानुमते' हा शब्द नंतर खोडावा लागला, कारण जयवंत धुऱ्याने विरोध नोंदवला.

"गाडी ठरावार चलत नाय," तो म्हणाला.

"तुमचा विरोध लिहिलाय," साळवे म्हणाले आणि वही मिटली.

शेठनी त्या रात्री वहीत सहीसुद्धा केली. सह्या करायची त्यांना सवयच होती.

तेव्हापासून सौरभची झोप उडाली. आजवर तो हरला तर त्याचं एकट्याचं जात होतं. आता तो चौथा आला तर चाळीस घरांचा स्लॅब अडणार होता, आणि त्यातलं एक घर आईचं. संस्थेची कार्यकारिणी दर रविवारी त्याला सूचना पाठवू लागली. सारखे टायर का बदलता, चांगल्या कंपनीचे घ्या. गाडीला लिंबू बांधलं का? यावर दोन सभासदांनी अंधश्रद्धा म्हणून हरकत घेतली आणि लिंबाचा विषय पुढच्या सभेवर गेला. साळव्यांनी शर्यतीचं नियमांचं पुस्तकच मागवून घेतलं. बासष्ट पानं, इंग्रजी, बारीक टाइप. त्यांनी ते आठ दिवसांत वाचलं, महत्त्वाच्या जागी लाल रेघा मारल्या आणि सौरभला मेसेज टाकला. "कलम सतरा. हौशी चालकाने एकूण दोन तास गाडी चालवलीच पाहिजे. एक मिनिट जरी कमी भरलं तरी गाडी निकालातून बाद. शेठचे दोन तास भरतायत का, ते तू बघ. आमचा अनुभव तुला माहीतच आहे."

शर्यत आखातात होती, डिसेंबरातल्या एका रविवारी. तिथल्या सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला संपणार. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लागला, प्रोजेक्टर आला, चहाचा मोठा थर्मास आला. रत्नप्रभाला येता येणार नव्हतं. तिने कांजूरच्या खोलीत शेजारणीच्या मोबाइलवर शर्यत लावली आणि बाजूला देवापुढे दिवा.

पहिली पाळी शेठची. भूमिपूजनाला ते नेहमीच पुढे असतात. हिरवा दिवा लागताच त्यांच्या पुढून, मागून, बाजूने गाड्या निघून गेल्या. पंचावन्न मिनिटांनी ते उतरले तेव्हा गाडी चौदावी होती. मग डच माणूस, मग सौरभ. सौरभ त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चालवत होता. एक एक गाडी तो अशी सोडवत गेला की हॉलमधल्या लोकांना काही घडल्याचं दिसतच नव्हतं, फक्त कोपऱ्यातला आकडा कमी होत होता. चौदाचे अकरा झाले, अकराचे सात. जयवंत पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसला होता. पोरगं ब्रेकवर पाय कसा हलका ठेवतंय ते एवढ्या हॉलमध्ये त्या एकट्याला कळत होतं, आणि त्याचा ऊर भरून आला होता.

दुपारी शेठ पुन्हा बसले आणि पंचेचाळीस मिनिटांनी परत आले. आत फार उकडतं, म्हणाले. साळव्यांनी वहीत बेरीज केली: एक तास चाळीस. शिल्लक वीस मिनिटं.

शेवटच्या तासाला गाडी तिसरी होती. हॉलमध्ये कुणी चहा घेत नव्हतं. पंचवीस मिनिटं उरली तेव्हा सौरभच्या कानात टीमचा इंजिनिअर बोलला. हा पोर्तुगीज माणूस सकाळपासून कागदावर आकडे मांडत होता. आता आत ये, तो म्हणाला, मालकांना वीस मिनिटं बसावंच लागेल. हिशोब केलाय. ते त्यांच्या वेगाने गेले तरी चौथ्या गाडीच्या तीस सेकंद पुढे राहून आपण तिसरे येतो. सौरभने गाडी थांब्यावर आणली. टायर बदलणारे धावले. श्यामकांतशेठ खुर्चीत, पाय बर्फाच्या बादलीत, हेल्मेट मांडीवर.

ते उठले नाहीत. हाताने खूण करून म्हणाले, "तूच चालव."

सौरभने हेल्मेटची काच वर केली. "शेठ, तुमची वीस मिनिटं राहिलीत."

"अरे, मस्त चाललंय तुझं. मी बघून घेतो नंतर. जो काय दंड असेल तो भरून रेग्युलराइज करून टाकू."

"शेठ, इथे रेग्युलराइज होत नाही."

"सगळीकडे होतं रे. बाहेर असतो कुणीतरी. तू निघ."

इंजिनिअर मध्ये पडला, त्याने नियमाचं पान पुढे केलं. शेठ त्याला हसून इंग्रजीत समजावू लागले की त्यांचे फार वरपर्यंत संबंध आहेत. घड्याळ पळत होतं. सौरभला सगळं स्वच्छ दिसत होतं. हा गाडीत बसणार नाही. आपण निघालो तर तिसरे येऊ, फोटो निघेल, अर्ध्या तासाने गाडी बाद होईल, आणि मग शेठ म्हणतील, गाडी आली कुठे पहिल्या तिनात? शब्द द्यायचा आणि तो मोडायची पळवाट आधीच ठेवायची ही यांची पद्धत चाळीने सात वर्षं पाहिली होती. त्याने पट्टे सोडले, स्टिअरिंगचं चाक काढून वर ठेवलं आणि तो गाडीतून बाहेर आला.

"बसा," तो म्हणाला.

आता गाडी रिकामी, थांब्याभोवतीची सगळी माणसं बघतायत, कॅमेरा समोर. शेठना बसावंच लागलं. या सगळ्यात एक्केचाळीस सेकंद गेले.

ती वीस मिनिटं श्रमसाफल्यच्या लोकांनी जशी पाहिली तसं त्यांनी आयुष्यात काही पाहिलेलं नव्हतं. पडद्यावर गाडीच्या आतलं चित्र आलं. हेल्मेटात घामाघूम शेठ, आणि खाली उलटं मोजणारं घड्याळ. दर दोन मिनिटांनी ते विचारत होते, किती राहिलं? इंजिनिअर शांतपणे सांगत होता, अकरा. नऊ. सात. आणि खरं सांगायचं तर शेठनी जीव लावून गाडी चालवली. त्यांना पर्यायच नव्हता. दोन तास भरले, कलम सतरा पूर्ण झालं. साळव्यांनी वहीत तशी नोंद केली. पण शेवटच्या फेरीत चौथी गाडी आली आणि त्यांना ओलांडून गेली. श्यामकांतशेठ अकरा सेकंदांनी चौथे आले.

हॉलमध्ये कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला.

तिकडे शेठनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "तू उतरलास म्हणून गेलं." परतीच्या विमानात ते पुढे बसले होते, सौरभ मागे. मुंबईला उतरेपर्यंत त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठरला होता. आठवड्यात होर्डिंगवरचा त्याचा चेहरा गेला. नवीन फ्लेक्स छापायचा खर्च वाचवावा म्हणून त्याच जागी शेठच्या चेहऱ्याचा तुकडा चिकटवला. धड अठ्ठावीस वर्षांचं, मुंडकं त्रेपन्नचं.

पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा झाली. सौरभ खाली मान घालून बसला. साळव्यांनी कलम सतरा मोठ्याने वाचलं, मराठी करून सांगितलं. विमलाताईला ते पटलं नाही.

"नियम गेला चुलीत. वीस मिनिटं गप चालवली असतीस तर तिसऱ्याचा फोटो तर निघाला असता ना? फोटो घेऊन आम्ही त्याच्या दारात बसलो असतो."

बऱ्याच माना हलल्या. तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, हे सौरभलाही कळत होतं. मग जयवंत उठला. आता बाप बाजूने बोलेल असं सगळ्यांना वाटलं.

"पॅसेंजर भितर असताना ड्रायव्हर गाडीतसून उतरणा नाय," तो म्हणाला. "तेहतीस वर्सांत मी उतरलंय नाय." आणि खाली बसला. शेठच्या बोलण्याने सौरभला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

तो त्या संध्याकाळी चार मजले चढून घरी आला तेव्हा रत्नप्रभा खिडकीशी बसली होती. सभेत काय झालं ते तिला फोनवरून कळलंच होतं. तिने त्याला चहा दिला.

"तुज्या बापाशीचा मनावर घेव नको," ती म्हणाली. "तू उतरलंस तां बरां केलंस. त्या मेल्याक कोणीतरी बसवूक होया होता. पण माका सांग, ह्या चवथ्या माळ्यावरसून माका कोण उतरवतलो?"

सौरभचा चहा तसाच राहिला. तो रडला. जयवंत दारात चपला काढत होता, त्यानेही ऐकलं होतं, आणि तोही तिथेच उभा राहिला.

सकाळी बापलेकांनी रत्नप्रभाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पुढून सौरभ, मागून जयवंत. बहात्तर पायऱ्या त्यांनी अशा उतरवल्या की तिच्या गुडघ्याला एक धक्का बसला नाही. रिक्षा करून तिला भांडुपला साईटवर नेलं. वॉचमनने अडवलं, पण आजारी बाईला किती अडवणार. ती खांबांमधून हळूहळू चालत गेली, इकडून तिकडून अंदाज घेतला आणि एका जागी खुर्ची मांडायला सांगितली. "हय माजो ओटो येतलो," ती म्हणाली आणि बसली.

"आजी, इथे बसायला परवानगी नाही," वॉचमन म्हणाला.

"मगे उठव माका. नायतर तुज्या शेठाक बोलव."

दुपारी साळवे वही घेऊन आले. संध्याकाळी विमलाताई आली, तोंड वाकडंच होतं, पण सतरंजी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी अकरा घरं होती, तिसऱ्या दिवशी तेवीस. उत्साहात सगळेच एकदम बसले आणि दुपारच्या उन्हात दोघांना भोवळ आली. तेव्हा सौरभने साळव्यांच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि पाळ्या लावल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. एका वेळी तिघं, दीड तासाच्या वर कुणी नाही. पुढचा माणूस दहा मिनिटं आधी हजर. आधीचा उठायच्या आत दुसऱ्याने टेकायचं, खुर्ची एक क्षण मोकळी दिसता कामा नये. पाणी वेळेवर, घाई नाही, आवाज नाही, वॉचमनशी भांडण नाही. सतरा वर्षांत शिकलेलं सगळं त्या पानावर उतरलं. जयवंतने पान वाचलं, एका ठिकाणी पाळी बदलायची वेळ पाच मिनिटांनी अलीकडे घेतली आणि सही केली.

नवव्या दिवशी श्यामकांतशेठ आले. गाडीतून उतरून खांबांमधून चालत आले, बुटांना माती लागू नये म्हणून फळ्यांवरून. बापलेक रोज चार मजले उचलून आणत, तशी रत्नप्रभा आजही तिच्या खुर्चीत होती. शेठ तिच्याकडे न बघता सौरभला बाजूला घेऊन गेले.

"काय लावलंयस हे? चॅनलवाले फोन करतायत मला." मग आवाज उतरवून म्हणाले, "झालं गेलं सोड. फेब्रुवारीत नवीन सीझन आहे. नवी गाडी घेतोय, यापेक्षा भारी. पहिली सीट तुझी, दोन वर्षांचा करार. आज आईला घरी घेऊन जा आणि उद्या ऑफिसला ये."

आयुष्यात सौरभला इतकी मोठी सीट कुणी देऊ केली नव्हती, आणि यापुढेही देणार नव्हतं. हे त्याला कळत होतं. त्याने आईकडे बघितलं. बोलणं तिला ऐकू आलं होतं.

"तुका जावचा आसात तर जा, बाबू," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. "माजो राग नाय. मी हय बसलंय."

सौरभने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"शेठ, साडेबाराला माझी पाळी आहे," तो म्हणाला. "स्लॅबचं काही बोलायचं असेल तर तेवढ्यात बोला."

शेठ उन्हात तसेच उभे राहिले. साडेबाराला सौरभने आईला हात देऊन उठवलं आणि खुर्ची मोकळी दिसायच्या आत तिच्यात जाऊन बसला.